‘मत हवं तर परत या’ म्हणणाऱ्यांना

आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘देश सोडून दुसऱ्या देशाचे झाले, इथे कर भरत नाहीत, त्यांना मत कशाला? हवं तर विमानाने या आणि द्या. बाहेरच्यांनी आपला आमदार ठरवायचा का?’ माझा धाकटा भाऊ सातपूरच्या आयटीआयमधून शिकून दुबईत इलेक्ट्रिशियनचं काम करतो. मला गप्प बसवत नाही.

‘दुसऱ्या देशाचे झाले’ हे साफ चूक. परदेशी नागरिकत्व घेतलं की इथलं मत गेलं. अशा भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी मत मिळत नाही. २०१० च्या कायदादुरुस्तीने हक्क मिळाला तो भारतीय नागरिक राहिलेल्यांनाच. त्यासाठी मतदार नोंदणीचा अर्ज, नमुना ६-अ, भरायचा आणि नाव लागतं पासपोर्टवरच्या इथल्या पत्त्यावर. तो पासपोर्ट छापतात आपल्याच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, आणि भावाच्या पासपोर्टवर पत्ता इंदिरानगरचा आहे.

कराचं म्हणाल, तर स्वातंत्र्याआधी मालमत्ता, कर, शिक्षण बघून मत मिळायचं. प्रत्येक प्रौढ नागरिकाला मत देणाऱ्या संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने ते संपवलं. म्हणूनच ‘ते घरी पैसे पाठवतात, म्हणून त्यांना मत द्या’ हेही मला पटत नाही.

‘विमानाने या’ हे मात्र मनाला लागतं, कारण यादीत नाव असलं तरी मत द्यायला इथे यावंच लागतं. नाशिकचं लोकसभेचं मतदान २० मे २०२४ ला होतं, सोमवारी. भावाला रजा मिळाली नाही. मिळाली असती तरी तिकिटात कित्येक महिन्यांची बचत गेली असती. तो एकटा नाही. त्या निवडणुकीत देशभरात १,१९,३७४ अनिवासी (परदेशात राहणाऱ्या) मतदारांची नोंद होती, मत दिलं २,९५८ जणांनी, त्यातले २,६७० केरळचे. हा आळस म्हणायचा? दुबईतल्या आपल्या वाणिज्य दूतावासात सरकारने नेमलेला कर्मचारी टपालाने मत देऊ शकतो. त्याच शहरात राबणारा माझा भाऊ देऊ शकत नाही.

आणि ‘बाहेरचे’ कोण? ही मतं ज्याच्या-त्याच्या गावच्या मतदारसंघात पडतात. चुरशीच्या जागी फरक पडेलही. पडू द्या, ते तिथलेच मतदार आहेत.

विरोधकांची एक शंका मात्र मला खरी वाटते, ती गुप्ततेची. प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पुढे २०१९ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळलं. बरंच झालं. भावाच्या वतीने मी बटण दाबलं, तर ते मत त्याचं की माझं? २०२० मध्ये निवडणूक आयोगाने इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवलेल्या टपाली मतपत्रिकेचा प्रस्ताव सरकारपुढे ठेवला, म्हणजे मतपत्रिका ऑनलाइन येणार, ती छापून, भरून परत पाठवायची. तो त्याहून कितीतरी बरा. पण एका खोलीत सहा-आठ जण राहतात, तिथे मतपत्रिका कोणासमोर भरायची? मुकादमासमोर? माझं म्हणणं, ती दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात, पडद्याआड भरू द्या. फिलिपिन्सच्या अनेक कामगारांनी २०२२ च्या निवडणुकीत परदेशातल्या आपल्या दूतावासांत जाऊन मतदान केलं होतं. माझा भाऊ सुट्टीच्या दिवशी बस बदलून तिथवर नक्की जाईल.