फुटाला इंच: पिळाच्या लाकडावरच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार,

पिळाच्या, म्हणजे तंतू खोडाभोवती वळसा घेत चढलेल्या, ओंडक्यांवरच्या माझ्या लेखाला कागलहून तुम्ही जी लांबलचक प्रतिक्रिया पाठवलीत, तिला चार ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं. इतर वाचकांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात: साल पिळलेली दिसली की ओंडका घेऊ नका असं सांगणं म्हणजे शेतकऱ्याच्या बांधावरच्या झाडाचा भाव पाडणं. दोर पिळल्यावर मजबूत होतो, तसंच लाकडाचंही. नीट वाळवलं की पीळ मरतो. पिळाचे खांब घातलेले वाडे अजून उभे आहेत. पीळ पृथ्वीच्या फिरण्यामुळे पडतो, त्याला कोण काय करणार? आणि शेवटी एक प्रश्न: बांधावरच्या आठ नीलगिरींचं करायचं काय?

सालीबद्दल तुमचं बरोबर आहे, लेखातलं ते वाक्य चुकलं. सालीच्या भेगा आणि आतल्या लाकडाची नस (तंतूंची दिशा) एकाच दिशेने जाते असं प्रत्येक जातीत होत नाही. शिवाय नसेचा कोन झाडाच्या वयाबरोबर बदलतो. बहुतेक सूचिपर्णी झाडांत भेंडाजवळच्या (खोडाच्या अगदी मध्याजवळच्या) पहिल्या काही वलयांत नस डावीकडे चढते, तिथेच कोन सगळ्यात जास्त असतो. पुढे ती हळूहळू सरळ होते आणि म्हाताऱ्या झाडात उजवीकडे वळते. म्हणजे बाहेरून सरळ दिसणाऱ्या ओंडक्याच्या पोटात चांगला पीळ असू शकतो. ‘पिळाचा ओंडका जळणालाच बरा’ हे वाक्यही मागे घेतो. ते ऐटीत लिहिलं गेलं होतं.

मग बघायचं काय? साल काढलेला ओंडका सावलीत दोन-तीन आठवडे पडू द्या. पृष्ठभागावर बारीक चिरा पडतात आणि त्या नसेबरोबरच जातात, त्यांच्याइतका खरा साक्षीदार दुसरा नाही. ओंडक्याच्या लांबीला समांतर दोरी ताणा आणि चीर फुटाला किती सरकते ते मोजा. सुताराच्या मापात हे फार सोपं आहे. फुटाला एक इंच, म्हणजे आठ सूत सरकली तर उतार १२ ला १. सहा सूत म्हणजे १६ ला १, पाच सूत म्हणजे जवळपास १९ ला १. भारतीय मानकांत बांधकामाच्या लाकडाचे तीन दर्जे आहेत आणि त्यांना चालणारा नसेचा उतार अनुक्रमे २० ला १, १५ ला १ आणि १२ ला १ इतकाच आहे. फुटाला इंच ही शेवटची हद्द आहे असं समजा. हाच उतार ३०० मिमी व्यासाच्या, ३ मीटर लांब ओंडक्यावर असेल तर चीर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २५० मिमी बाजूला जाते. घेराच्या पाव भागाहून जास्त. हे डोळ्याला दिसतंच, फक्त बघायची सवय हवी.

फळी कापून झाल्यावर मात्र फसगत होते. फळीवर जी फुलं-डोंगरांची नक्षी दिसते ती वलयांची असते, तिच्यावरून पीळ कळत नाही. पीळ बघायचा तो वलयांना स्पर्शून कापलेल्या रुंद तोंडावर, आणि तिथेही नक्षी सोडून छिद्रांच्या बारीक रेघांकडे बघायचं. सागवानात त्या रेघा स्पष्ट दिसतात. जिथे दिसत नाहीत तिथे पातळ केलेल्या शाईचा एक थेंब टाका, तो नसेच्या दिशेने लांबट पसरतो. ओरखडून नस दाखवणारं हत्यार, म्हणजे ओरखडणी, तीही घरी करता येते: दोनदा काटकोनात वाकवलेली ६ मिमीची सळई, वर मोकळी फिरणारी मूठ आणि खालच्या टोकाला ग्रामोफोनसारखी सुई. सुई मुठीच्या रेषेच्या थोडी मागे राहिली पाहिजे, ट्रॉलीचं चाक जसं खिळ्याच्या मागे राहतं तशी. हलका दाब देऊन ओढली की ती आपोआप नसेला लागते. नंतर शेजारचं तोंडही तपासा. दोन्ही तोंडांवर १५ ला १ उतार असेल तर खरा उतार १५ ला १ राहत नाही, तो साडेदहाला १ होतो. दोन्ही उतार वर्ग करून मिळवायचे आणि वर्गमूळ घ्यायचं, इतकाच हिशेब.

आता दोर. काथ्याचा एक धागा वीतभर लांब असतो. पीळ नसेल तर धागे एकमेकांवरून घसरतील, म्हणून पीळ देऊन घर्षण वाढवावं लागतं. लाकडाचे तंतू मुळातच लिग्निनने, म्हणजे लाकडातल्या नैसर्गिक चिकट्याने, एकमेकांना चिकटलेले असतात, त्यांना पिळाची गरज नाही. उलट नस तिरकी झाली की भार तंतूंच्या लांबीवर न येता त्यांच्यामधल्या चिकट्यावर येतो, आणि लाकूड आडव्या ताणात सगळ्यात कच्चं. अमेरिकेतल्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीच्या कोष्टकानुसार सरळ नसेच्या लाकडाची वाकण्यातली ताकद १०० धरली, तर १५ ला १ उताराला ती ८९, १० ला १ ला ८१ आणि ५ ला १ ला ५५ उरते. धक्का सोसण्याची ताकद याहून वेगाने पडते: १० ला १ ला ६२, ५ ला १ ला ३६. उसाच्या फडात कोयत्याचा किंवा कुऱ्हाडीचा दांडा अचानक तिरका चिरत तुटतो तेव्हा बहुतेकदा हेच कारण असतं. दांड्याला धामण घ्या की बाभूळ, तो करवतीने कापलेला नको, नसेवर फोडून काढलेला हवा. फोडलेला तुकडा नसेच्याच वाटेने जातो, त्यामुळे नस मध्येच तुटत नाही.

माझ्या मूळ लेखात नीट आलं नाही ते इथे सांगतो. झाडाला पिळाचा त्रास नाही. उलट, एका मुळाकडून आलेलं पाणी सगळ्या फांद्यांकडे वाटलं जातं आणि खोड वाऱ्यात न मोडता जास्त वाकतं, असे फायदे अभ्यासक सांगतात. गोल बल्लीतही तंतू खालपासून वरपर्यंत सलग असतात, फक्त वळसा घेत जातात. आपण त्या गोल वळशातून सरळ रेषेत करवत चालवतो तेव्हा नस फळीच्या कडेला येऊन संपते. मग फळी कमी ताकदीची होते आणि पिळतेही.

म्हणून वाड्यांचं उदाहरण माझ्या विरोधात जात नाही. खांबावरचा भार उभा असतो, आणि दाबात पिळाचा तोटा फारच कमी: त्याच कोष्टकात १० ला १ उताराला दाबाची ताकद ९९. जाडजूड खांब, त्यावर माळवदाचा किंवा छपराचा भार, वर तुळईने धरलेला, तो पिळायला बघेल तरी कुठे? बारीक, उंच खांब मात्र वाकून जातात, तिथे हिशेब वेगळा. आणि तुळईला हे लागू नाही, ती वाकण्यातच काम करते.

वाळवण्याबद्दल तुमचं म्हणणं बरोबर उलटं आहे. वाळताना पीळ मरत नाही, वाळतानाच तो फळीत उतरतो. ओलं लाकूड सुकताना तंतूंच्या आडव्या दिशेने चांगलं आकसतं. सागवान आकसायला कमी, तरी ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत वलयाच्या दिशेने ५.८ टक्के आणि भेंडापासून सालीच्या दिशेने २.५ टक्के. लांबीत आकसणं जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के. तंतू वळसा घेत असतील तर या फरकामुळे अख्खा तुकडा मळसूत्रासारखा फिरतो. किती फिरेल ते काढता येतं: लांबीची दुप्पट, गुणिले नसेचा कोन, गुणिले आकसण्याचं प्रमाण, या सगळ्याला भागिले भेंडापासूनचं अंतर आणि (१ + आकसण्याचं प्रमाण) यांचा गुणाकार. २ मीटरची, १०० मिमी रुंद पट्टी घ्या, नसेचा कोन ४ अंश, आकसणं ५ टक्के. पट्टी भेंडापासून ५० मिमीवर असेल तर ती साधारण १५ अंश पिळते, म्हणजे एक कोपरा २६ मिमी वर उचलला जातो. हीच पट्टी २०० मिमीवरून काढली तर पीळ ४ अंशांच्या आत, कोपरा ७ मिमीच्या आसपास. ओंडका तोच, नस तीच. कोणती पट्टी कुठून काढली यावर सगळं ठरतं. म्हणून सॉ मिलवाल्याला आधी सांगायचं: भेंड मध्ये धरून एक चौकोनी ठोकळा बाजूला काढ, चौकटी-दरवाजांच्या पट्ट्या बाहेरच्या भागातून दे. वखारीत स्वस्तात मिळणारं न्यूझीलंड पाइन का पिळतं याचंही उत्तर इथे आहे. रुंद-रुंद वलयं आणि भेंड दिसत असलेला तुकडा म्हणजे झाडाच्या पहिल्या वर्षांचं लाकूड, पीळ तिथेच जास्त.

थप्पी नीट लावून काही प्रमाणात आवर घालता येतो. खाली सपाट आधार, २५ मिमीच्या पट्ट्या दर ४५० ते ६०० मिमीवर, सगळ्या एका ओळीत एकावर एक, आणि वर वजन. वजन म्हणजे दोन विटा नव्हेत. चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास, म्हणजे २०० मिमी जाडीच्या काँक्रीटइतकं. हेही वाळायला सुरुवात होण्याआधीच ठेवायचं. पिळून झाल्यावर ठेवलं तर फळी सरळ होत नाही, वजन काढलं की परत तशीच. आणि सरळ वाळलेली फळीही आपल्याकडे हलत राहते. हवेतली आर्द्रता ८५ टक्के असेल तर लाकूड १८ टक्क्यांच्या आसपास ओल धरतं, ४० टक्क्यांना साडेसात. कोल्हापूरचा जुलै आणि एप्रिल डोळ्यांसमोर आणा. जुलैत घट्ट बसलेला दरवाजा एप्रिलमध्ये एका कोपऱ्यात चौकटीला टेकतो नि दुसऱ्या कोपऱ्यात फट दाखवतो, तेव्हा रंधा मारून फायदा नाही. पुढच्या पावसात तो उलटा फिरणार.

फळ्या उलट-सुलट जोडून पीळ जिरवायचा उपायही तुम्ही सुचवलात. तो फळीच्या रुंदीतल्या वाकासाठी खरा आहे, पिळासाठी नाही. डावीकडे वळलेला स्क्रू उलटा धरून बघा, तो डावाच राहतो. फळी पालथी घाला, टोक बदला, पिळाची दिशा बदलत नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींसाठी पॅटर्न (ओतकामाच्या साच्यासाठीचे लाकडी नमुने) करणाऱ्यांनी हे खास ध्यानात ठेवावं. दोन अर्ध्यांच्या पॅटर्नचं सांध्याचं तोंड पिळलं की अर्धे एकमेकांवर बसत नाहीत आणि कास्टिंग सरकलेलं निघतं. तिथे सरळ नसेच्या अरुंद पट्ट्या निवडणं हाच उपाय. उलट दिशेचा पीळ असलेल्या पट्ट्या हुडकून जोडी जमवणं कागदावर शक्य आहे, वखारीत नाही.

पीळ कुठे हवाच असतो तेही सांगतो. मटणाच्या दुकानातला चिंचेचा ओंडका बघा. उभ्या नसेवर दिवसभर सत्तूर पडतो तरी तो उभा फुटत नाही. चिंचेत नस काही थर डावीकडे, पुढचे काही थर उजवीकडे अशी आलटून पालटून जाते, त्यामुळे चीर एका थरातून दुसऱ्यात सरळ जाऊच शकत नाही. सरळ नसेचं लाकूड तिथे ठेवलं तर ते जळणासारखं फुटेल. कडुनिंब, जांभा यांतही नस अशी गुंतलेली असते. यांना रंधा मारताना एका पट्ट्यात गुळगुळीत आणि शेजारच्या पट्ट्यात उपटलेलं, असं होतं. दिशा बदलून उपयोग नाही, कारण दोन्ही दिशा एकाच फळीत आहेत. पातं वस्तऱ्यासारखं लावा, वरचा पत्रा पात्याच्या धारेपासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणा, काप कागदासारखा पातळ घ्या, शेवटचा हात खरवडपट्टीने. मशीनवर कापाचा कोन १५ ते २० अंशांवर उतरवा.

पृथ्वी फिरण्याबद्दल थोडक्यात. तसं असतं तर एकाच बांधावरची एकाच जातीची दोन झाडं विरुद्ध दिशांना पिळली नसती, आणि चिंचेत काही वर्षांनी दिशा बदलली नसती. सालीखालच्या वाढत्या थरातल्या पेशी विभागताना आणि लांबताना एका बाजूला कलतात, त्यातून नस कलते. किती कलायचं यात बियाण्याचाही वाटा असतो. कुमाऊँ-हिमाचलातल्या चीड झाडांचा पीळ तर वनखात्याच्या जुन्या डोकेदुख्यांपैकी एक. म्हणून नवीन लावताना रोपं कुठल्या झाडाच्या बियांची आहेत ते जरूर विचारा.

राहिल्या तुमच्या आठ नीलगिरी. त्या उभ्या असतानाच छातीच्या उंचीला समोरासमोर दोन बाजूंनी सालीचे हातभर रुंदीचे नव्हे, चार बोटांचे चौकोन काढा आणि दोन्हीकडे सुई ओढून सरासरी घ्या. झाड कललेलं असेल तर एका बाजूचं माप फसवतं. फुटाला सहा सुतांच्या आत असतील ती फळीसाठी वेगळी ठेवा. त्याहून जास्त असतील ती गोल बल्ली म्हणूनच विका, टेकू आणि मांडवाच्या कामाला त्यांना कोणी नाव ठेवणार नाही. फळीसाठी तोडलेल्या ओंडक्यांच्या टोकांना त्याच दिवशी जाड रंग किंवा मेण लावा. नीलगिरीच्या टोकांना तोडल्याबरोबर ज्या चिरा पडतात त्या खोडात दबलेल्या ताणामुळे, पिळामुळे नाही. रंगाने तो ताण जात नाही, पण टोकं झपाट्याने सुकून चिरा वाढणं थांबतं. सॉ मिलला आठवड्याच्या आत न्या, दोन मीटरपेक्षा लांब कापू नका आणि पट्टी हव्या त्या जाडीपेक्षा ६ मिमी जास्त ठेवा, वाळल्यावर रंध्याला तेवढं लागतंच.