‘थोडेसेच दिले होते’

आज सकाळी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सणाच्या एकत्र जेवणाची आखणी सुरू झाली आणि लगेचच, हसऱ्या चेहऱ्याच्या इमोजीसह, मला सुचवण्यात आले की या वेळी तरी मुलीला सगळ्यांबरोबर मोकळेपणाने जेवू द्यावे, वेगळा डबा आणू नये, स्वयंपाक घरच्याच माणसांचा आहे. तिथे मी काही लिहिले नाही, कारण तिथे मी काहीही लिहिले तरी ते भांडण ठरते. इथे लिहीत आहे. इथल्या मंडळींना लेकराच्या जिवापेक्षा यजमानांचा मान मोठा वाटत नसणार, हे मी धरून चालते.

माझ्या चार वर्षांच्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे आणि हे आमच्या नात्यात सर्वांना ठाऊक आहे. तरीही मागच्या वेळी सगळे जमलेलो असताना, मी क्षणभर कोणाशी तरी बोलायला वळले तेवढ्यात, नात्यातल्या एका काकूंनी तिला दाण्याचे कूट घातलेल्या गोड पदार्थाचा तुकडा भरवला. काही मिनिटांतच ती म्हणाली, ‘‘आई, जिभेला टोचतंय.’’ मग उलटी झाली, खोकला सुरू झाला आणि आवाज घोगरा झाला. अंगावर पुरळ जवळजवळ नव्हते, त्यामुळे भोवतालची जाणती माणसे पित्त, उष्णता आणि दृष्ट यांवर चर्चा करत राहिली. मी पिशवीतले ॲड्रेनलिनचे, म्हणजे ॲलर्जी जिवावर बेतते तेव्हा ताबडतोब द्यायचे, इंजेक्शन काढून तिच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला कपड्यावरूनच दिले आणि तिला एक पाऊलही चालू न देता उचलून रुग्णालयात नेले. तिथे तिला बराच वेळ देखरेखीखाली ठेवले, कारण अशी प्रतिक्रिया ओसरल्यासारखी वाटून काही तासांनी पुन्हा उलटू शकते. मुलगी बरी झाली. काकू म्हणाल्या, ‘‘अगं, मी थोडेसेच दिले होते.’’

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. विसरून दिले असते तर मी समजू शकले असते, कारण माणूस गडबडीत विसरतो. परंतु ‘थोडेसेच’ या शब्दाचा अर्थ असा होतो की दिल्या क्षणी त्यांना सर्व आठवत होते आणि आईचे म्हणणे खरे की फाजील कौतुक, याची परीक्षा त्यांनी माझ्या मुलीच्या जिभेवर घेतली. शेंगदाण्यातील प्रथिनाला शरीराची संरक्षणयंत्रणा शत्रू समजते. एका दाण्यात हे प्रथिन साधारण २५० मिलिग्रॅम असते आणि काही मुलांना त्याचा अगदी किरकोळ अंशही भारी पडतो. तेव्हा थोडेसे म्हणजे नेमके किती, हे भरवणाऱ्याने कोणत्या मापाने ठरवले होते? तिखट मानवत नाही त्याला कमी तिखट वाढावे, असा हा प्रकार नव्हे.

आता एक सुशिक्षित वर्गही आहे आणि त्याचा मला अधिक राग येतो. ही मंडळी मला २०१५ सालच्या त्या प्रसिद्ध संशोधनाची बातमी पाठवतात, ज्यात तान्ह्या मुलांना लवकर शेंगदाणा देऊ लागल्यास पुढे ॲलर्जी होण्याचे प्रमाण पुष्कळ घटते असे दिसले, आणि खाली लिहितात, ‘थोडे थोडे देऊन सवय लाव.’ संशोधन खरे आहे. परंतु ती मुले चार ते अकरा महिन्यांची होती, त्यांना ॲलर्जी होऊ नये म्हणून तो प्रयोग होता, आणि ज्यांच्या त्वचेच्या चाचणीतच तीव्र प्रतिक्रिया दिसली त्यांना त्यातून आधीच वगळले होते. ज्या मुलांना ॲलर्जी झालेली आहे त्यांना सवय लावण्याचे उपचारही आहेत. ते डॉक्टरांच्या समोर, मोजून मापून दिलेल्या मात्रांनी होतात. ते काम जेवणाच्या गर्दीत, आईची पाठ वळल्यावर करायचे नसते.

आणि ‘घरच्याच माणसांचा स्वयंपाक’ म्हणजे काय? बाहेरच्या पाकिटावर निदान घटकांची यादी असते. घरी एकच डाव दाण्याच्या भाजीतून उचलून साध्या भाजीत जातो, एकाच मिक्सरच्या भांड्यात सर्व वाटले जाते, आणि विचारले की उत्तर येते, ‘‘त्यात काही नाही गं.’’ ‘चांगले शिजवले आहे’ हेही मला आश्वासन म्हणून सांगितले जाते, जणू शेंगदाण्याचे प्रथिन शिजवल्याने निकामी होते. ते होत नाही. हाताला सॅनिटायझर चोळल्यानेही ते जात नाही, साबण आणि पाणीच लागते. म्हणून दाणे खाऊन तिचे गाल कुरवाळायला येणाऱ्यांना मी आधी हात धुवायला पाठवते आणि उद्धट ठरते. ठरू दे.

हे मान्य आहे की इतक्या माणसांचे रांधणाऱ्या बाईला आणखी एक पथ्य सांभाळणे जिकिरीचे असते. हेही मान्य आहे की न आवडणाऱ्या प्रत्येक पदार्थाला ‘ॲलर्जी’ म्हणणाऱ्या लोकांनी आमचा विश्वास घालवला आहे. परंतु त्यांचे प्रायश्चित्त माझ्या मुलीने का घ्यावे?

रुग्णालयातून परतल्यावर कोणी मुलीची चौकशी केली नाही असे नाही, केली; पण त्याआधी मला ऐकवण्यात आले की लेकराला सर्वांदेखत सुई टोचून मी काकूंचा सण खराब केला. कोणी तरी असेही म्हणाले की खाज थांबवायचे साधे औषध पाजून बघायचे होते. ते औषध खाज आणि पुरळ कमी करते, आवळत चाललेला घसा मोकळा करत नाही, आणि ते पाजून वाट बघण्यात जो वेळ जातो तोच जिवावर बेततो. हे मी त्या दिवशी काही बोलले नाही. मुलगी माझ्या खांद्यावर झोपली होती.

इथवर लिहून थांबले होते, कारण हात थरथरत होता. आता थोडे शांतपणे लिहिते. त्याच घरात माझे सासरे आहेत, ज्यांना या विषयातले फारसे काही कळत नाही आणि ते तसे सांगतातही. तेव्हापासून ते एकच गोष्ट करतात: कोठेही जेवण असले की कोणी हात लावण्याआधी नातीचे ताट स्वच्छ चमच्याने वाढून घेतात, वर झाकण ठेवतात आणि ती जेवेपर्यंत शेजारी बसून राहतात. त्यांनी मला कधीही ‘एवढे काय त्यात’ म्हटले नाही. काकूही वाईट नाहीत, हे मला लिहायचे नव्हते, पण लिहिते. माझ्या बाळंतपणात रात्री जागल्या होत्या. लेकराने काही खाल्ले नाही तर त्यांना खरोखर चैन पडत नाही. त्यांच्या या मायेचीच मला भीती वाटते, कारण तिला ‘नको’ म्हटलेले ऐकू येत नाही.

मुलीला वेगळ्याने काही रांधून हवे आहे असे मी कोणालाही सांगितलेले नाही. तिचा डबा मी आणीन. पदार्थात काय आहे ते खरे सांगावे, ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणावे, आणि मला किंवा तिच्या बाबांना विचारल्याशिवाय तिच्या हातात काहीही देऊ नये, एवढेच मागते. ती स्वतः आता ‘आईला विचारून’ म्हणायला शिकली आहे. तिने तसे म्हटल्यावर तिला चिडवणाऱ्या मोठ्या माणसांनी निदान तेवढे तरी थांबवावे.

यंदाच्या जेवणाला आम्ही येणार आहोत. सुई नसलेले सरावाचे इंजेक्शन माझ्याकडे आहे, ते मी बरोबर आणीन. ज्यांना खरे कसे द्यायचे ते शिकायचे असेल त्यांनी जेवणाआधी थोडे लवकर यावे. काकू आल्या तर त्यांना सर्वांत आधी दाखवीन.