‘भोयाच्या पोटावर पाय’ : उजनीच्या पोस्टवरच्या कॉमेंटला उत्तर

दादा, प्रोफाइलवर नाव नाही म्हणून दादाच म्हणतो, वयानं लहान असाल तर चालवून घ्या.

मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की भीमेवरच्या उजनी धरणात पावसाळ्याचे पहिले दोन महिने जाळी बंद ठेवा आणि बारीक आसाची, म्हणजे बारीक भोकांची, जाळी कायमची बंद करा. त्यावर तुम्ही भोयांच्या, म्हणजे मासेमार समाजाच्या, बाजूनं लिहिलंत, "पुण्यात एसीत बसून भोयांच्या पोटावर पाय देऊ नका. एक मासा लाखभर अंडी घालतो, तो काय संपतोय? उजनीतला मासा पुण्याच्या घाणीनं मेला, जाळ्यानं नाही. आणि एवढीच दया येत असेल तर आधी स्वतः मासे खायचे बंद करा." चार वाक्यांत चार टोले. दोन लागले, ते सांगतो, पण बाकीच्या दोनाला उत्तर द्यावंच लागेल.

एसीचं आधी मिटवू. मी पुण्यात राहतो ते पत्र्याच्या खाली, तिथं एसी सोडा एप्रिलमध्ये पंखासुद्धा गरम हवा फेकतो. आणि उजनीचं म्हणाल तर १९८० ला धरण पुरं झालं तेव्हा आजोबांची काळी जमीन पळसदेवच्या अंगाला त्याच पाण्याखाली गेली, आम्ही धरणग्रस्तच. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण मायनस पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं, म्हणजे तळाच्या मृतसाठ्यातलंही पाणी उपसलं गेलं, पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं, तेव्हा वडिलांना घेऊन गेलो होतो. ते भेगाळलेल्या गाळात उभं राहून आपला बांध कुठं असेल ते नजरेनं मोजत होते आणि मी पलीकडं ओढलं जाणारं वडापाचं जाळं बघत होतो.

वडाप तुम्हाला सांगायला नको, पण बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगतो. लांबच्या लांब जाळं होडीनं अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकांना माणसं लावून काठाकडं ओढत आणायचं. शेवटचं पाच-सात फूट पाणी उरलं की ते नुसतं चांदीसारखं उसळायला लागतं. त्या जाळ्याची आस एवढी बारीक की माझी करंगळी जाईना. बाहेर आलं त्यात किलो-दीड किलोचे मोजून सहा-सात मासे आणि बाकी सगळी पोरं, बोटाएवढे कटले, डोकं मोठं आणि अंग एवढंसं, कल्ले अजून हलत होते. मोठे क्रेटमध्ये गेले, पोरं गोणीत. मी विचारलं याचं काय करणार, तर जाळं ओढणारा एकजण म्हणाला, "वाळवून मांगूरला घालायला देतो." म्हणजे ज्या विदेशी मांगूर माशाच्या पालनावर देशात बंदी आहे त्याचं चोरून पोट भरायला आपल्या धरणातले उद्याचे कटले चाललेत, तेही पंचवीस रुपये किलोनं. एका किलोत अशी पंचवीस-तीस पोरं सहज बसतात. त्यातली पाच जरी वर्ष-दीड वर्ष जगली तरी आडतीत पाच किलोचा भाव मिळतो. हा हिशोब मांडायला एसी लागत नाही हो.

आता लाख अंड्यांचं. खरंय, कटला-रोहूची मादी अंडी लाखांनीच घालते. पण कुठंही नाही घालत. तिला वाहतं, नवं, गढूळ पाणी लागतं. म्हणून तर मृग बरसला की मासा चढणीला लागतो, वाहत्या पाण्याच्या उलट वर वर जातो, पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, घेऊन. आणि आपण काय करतो तर नेमकं तिथंच, ओढ्याच्या तोंडाला जाळी लावतो. मीही केलंय, लपवत नाही. आठवी-नववीत असताना आम्ही आईची जुनी साडी दोन दगडांत ताणून चढणीचे मासे धरायचो, घरी गाभोळीचं कालवण व्हायचं आणि त्या दिवशी भाकरी कमी पडायच्या. तेव्हा कोण सांगणार होतं की ताटात अख्खी पुढची पिढी आलीय म्हणून. पण तेव्हा साडी होती, आता बारीक नायलॉनची जाळी अख्खा ओढा अडवतात आणि काही महाभाग तर जिलेटिन लावतात. जिलेटिनची बंदी काही माझ्या डोक्यातून आलेली नाही, पाण्यात स्फोट करून किंवा विष टाकून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून मनाई आहे, इंग्रज गेले तरी आपण अजून ती पाळायला शिकतोय.

शिवाय कटला, रोहू, मृगळ हे मुळात गंगेकडचे, भीमेत ते आले आणलेल्या बियाण्यातून. सरकार किंवा संस्था बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडतात ती वाढली तर मासा. सोडलेली बोटुकली तीन महिन्यांत वडापात गेली तर उरलं काय? भीमेचे अस्सल आपले मासे वेगळेच. सायक्स नावाच्या साहेबानं १८३९ साली दख्खनच्या माशांची शास्त्रीय नोंद केली, त्यात खुद्री, कोळस ही आपल्या भोयांच्या तोंडची नावं त्यानं तशीच ठेवली, आजही जगभर ती तशीच चालतात. नावं राहिली, पण उजनीकाठच्या भिगवणच्या बाजारात जाऊन खुद्री मागा बरं. क्रेटच्या क्रेट दिसतील ते चिलापीचे, म्हणजे तिलापियाचे. हा १९५२ ला बाहेरून भारतात आणलेला मासा, मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, साचलेल्या पाण्यातही वर्षातून पुन्हा पुन्हा वीण. त्यामुळं क्रेट भरलेले दिसतात आणि तुम्हाला वाटतं मासा काय संपतोय. कटला संपत चाललाय ते चिलापीच्या आड दिसत नाही, एवढंच.

आता तुमचे जे टोले लागले त्याबद्दल. घाणीचं तुमचं शंभर टक्के खरंय. पवना, इंद्रायणी, मुळा-मुठा, पुण्या-पिंपरीचं सांडपाणी पोटात घेऊन सगळ्या शेवटी भीमेला आणि भीमा उजनीला. जलपर्णी, हिरवं पाणी, पहाटे पाण्यातला ऑक्सिजन उतरला की मोठा मासा आधी उलटा होतो. मी रोज सकाळी जे फ्लश करतो ते कुठं जातं हे मला माहितीय, त्यामुळं इथं मी तोंड वर करून बोलणार नाही. पण दादा, घाणीतून जो मासा वाचला त्याच्यासाठी वडाप लावायचं हे कुठलं उत्तर? आजारी माणसाला उपाशी ठेवण्यातला प्रकार झाला.

दुसरा टोला पोटाचा. माझ्या पोस्टमध्ये मी सरसकट "मच्छीमारांनी" असं लिहिलं, ते चुकलंच. एका होडीत नवरा-बायको, संध्याकाळी मोठ्या आसाचं जाळं टाकून पहाटे काढणारा भोई आणि दहा-पंधरा माणसं रोजानं लावून वडाप ओढायला लावणारा पैसेवाला, या दोघांना मी एका माळेत ओवलं. खरं तर वडापानं पहिला मरतो तो हा होडीवालाच. आणि दोन महिने बंद म्हणताना त्यानं खायचं काय हे मी लिहिलंच नाही. बंदीच्या काळासाठी प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मदत आहे, तीन महिन्यांचे साडेचार हजार, त्यातले दीड हजार मच्छीमारानं आधी स्वतः भरलेले. महिन्याला पडले दीड हजार. एवढ्यात घर चालवून दाखवा असं तुम्ही म्हणालात तर माझ्याकडं उत्तर नाही. ही रक्कम वाढल्याशिवाय बंदी कागदावरच राहणार.

पण बारीक जाळं आजपासून बंद करायला कुणाच्या पोटावर पाय पडत नाही. आणि ते पाण्यात जाऊन पकडत बसू नका असं माझं मत आहे. करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत, माढा, एवढ्या तालुक्यांत पसरलेल्या पाण्यावर रात्री कोण कुणाला पकडणार? मासा शेवटी आडतीत येतो नाहीतर गोणीत भरून टेम्पोत चढतो. तिथं अडवा. वीतभर कटला लिलावात घ्यायचाच नाही असं आडतवाल्यांनी ठरवलं आणि सुकवलेल्या पोरांची गोणी घेणाऱ्याला दंड बसला, की वडाप ओढायची मजुरीसुद्धा सुटणार नाही.

राहिलं मासे खायचं. ते काही मी बंद करणार नाही, चिलापीचा तुकडा चुलीवरच्या तव्यावर कसा लागतो हे तुम्हालाही माहिती असणार. गाभोळीचा मासा मात्र जून-जुलैत घरी आणत नाही, त्यावरून आई दरवर्षी बोलते.

तुमची कॉमेंट काढलेली नाही, काढणारही नाही. पोस्टमधलं "मच्छीमारांनी" खोडून तिथं "वडापवाल्यांनी" केलंय, मदतीच्या रकमेचा मुद्दाही खाली जोडलाय. एकदा वाचून घ्या, अजून काही खटकलं तर सांगा.