‘खराब कार्ड गळ्यात मारलं’: १ स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना वाचला. आम्ही मायनिंगचं, म्हणजे डिजिटल नाणी कमवायला रात्रंदिवस चालवलेलं, जुनं ग्राफिक्स कार्ड तुमच्या गळ्यात मारलं, दोन दिवसांत गेममध्ये लाल-हिरवे ठिपके यायला लागले, परत आणलं तर दुकानात चालवून ‘ठीक आहे’ म्हणून वापस पाठवलं, आणि वरून तुमच्या बाबांसमोर ‘पोरानंच जाळलं’ असं म्हटलं, असं तुम्ही लिहिलंय. राळेगावात कोणी या दुकानाची पायरी चढू नये, हेही लिहिलंय.

आधी बाबांचं. मी तसं बोललो, हे खरं आहे. काउंटरवर गर्दी होती, ऊन होतं, पण ती काही कारणं नाहीत. कापसाच्या पैशातून साडेआठ हजार मोजून देणाऱ्या माणसासमोर त्याच्या पोराला असं बोलायला नको होतं. काकांना आज सकाळी फोन केला होता, इथेही माफी मागतो.

आता कार्डाचं. जीटीएक्स १६६० सुपर, सेकंडहँड, ३ महिने दुकानाची वॉरंटी, असं बिलावर स्वच्छ लिहून दिलंय. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल नाण्याचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग बंद पडलं आणि अशी कार्डं बाजारात पोत्यानं आली. तुमचं त्यातलं नसेलच अशी शपथ मी घेत नाही. भाव कमी होता तो म्हणूनच.

पण तुम्ही रिव्ह्यूला जोडलेला फोटो मी मोठा करून पाहिला. ठिपके दिसतात, आणि वरच्या कोपऱ्यात आफ्टरबर्नरचे, म्हणजे कार्डाचा वेग वाढवायच्या प्रोग्रॅमचे, आकडेही दिसतात. मेमरीचा वेग ८३०० मेगाहर्ट्झ, तापमान ८२ डिग्री. कंपनीतून हे कार्ड निघतं तेव्हा त्या मेमरीच्या जागी ७००० च्या आसपास आकडा असतो. म्हणजे वेगाची पट्टी सरळ १३०० नं पुढे ओढलेली आहे. काउंटरवर विचारलं तेव्हा तुम्ही ‘काहीच केलं नाही’ म्हणालात. बाबा बाजूलाच उभे होते, त्यामुळे मी समजू शकतो.

ओव्हरक्लॉक करणं, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा वेग वाढवणं, काही पाप नाही. मी स्वतः करतो. फक्त ठिपके काय सांगतात ते ओळखता आलं पाहिजे. रंगीत ठिपके, छोटे चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी, भिंतीवरचं चित्र लुकलुकणं, असं दिसलं की संशय पहिले मेमरीवर घ्यायचा. कोअर, म्हणजे कार्डाची मुख्य चिप, जास्त ओढला तर बहुधा वेगळं होतं: गेम एकदम बंद, स्क्रीन क्षणभर काळी, मग ‘ड्रायव्हर बंद पडला होता, पुन्हा सुरू झाला’ असा निरोप. किंवा गेममधल्या माणसाच्या अंगातून लांब टोकदार काटे निघाल्यासारखे आकार. तुमच्या फोटोत मला काटे दिसत नाहीत, ठिपकेच आहेत.

तुम्ही फोनवर एक गोष्ट बोलला होता, ती तेव्हा मी कानाआड केली: ‘रात्री चालते, दुपारी ठिपके येतात.’ खरं उत्तर तिथंच होतं, भाऊ. कार्डाचा फॅन खोलीतलीच हवा ओढतो. रात्री खोलीत ३१ डिग्री असताना चिप ७० वर थांबत असेल, तर दुपारी ४४ मध्ये तीच चिप ८० च्या वर जाणार, फॅन कितीही बोंबलला तरी. यात एक गंमत आहे. चिप तापली की कोअर स्वतःच दम खातो, आपला वेग थोडा कमी करतो. मेमरी तसं करत नाही. तुम्ही ८३०० लावलं, तर नवतपा असो की पूस महिना, ती ८३०० वरच पळते. आणि ८२ हा आकडा चिपचा आहे. मेमरीचं तापमान हे कार्ड दाखवतच नाही. ज्या व्हिडिओवाल्याचा आकडा पाहून तुम्ही पट्टी ओढली, तो एसीत बसला असेल. आपल्याकडे टिनाखाली रात्री ११ ला पास झालेला आकडा दुपारी २ ला नापास होतो.

आता माझी चूक. तुमचं कार्ड मी सकाळी १० ला लावलं, कूलर सुरू होता, बोर्ड माझा, हार्डडिस्क माझी. आफ्टरबर्नरनं लावलेले आकडे कार्डात कोरले जात नाहीत, ते तुमच्या विंडोजमध्ये राहतात आणि विंडोज सुरू झाल्यावरच लागतात. माझ्या डिस्कवर ते नव्हतेच, त्यामुळे कार्ड अडीच तास साध्या वेगानं शांतपणे चाललं आणि मी ‘ठीक आहे’ म्हणून मोकळा झालो. तुमच्या घरी ठिपके का येतात, याचं उत्तर त्या टेस्टमध्ये नव्हतं. तुमची अर्धी तक्रार इथे बरोबर आहे.

तर घरी एवढं करून पाहा. आफ्टरबर्नर उघडून रिसेट दाबा. विंडोजसोबत आकडे आपोआप लावण्याची जी खूण केली असेल, ती काढा. नुसतं रीस्टार्ट नको, पूर्ण बंद करून सुरू करा. सुरू होताना, विंडोज यायच्या आधी, कंपनीचं चित्र येतं तेव्हा किंवा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजआधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, ठिपके आहेत का ते पाहा. तिथं असतील तर ओव्हरक्लॉकशी संबंध नाही, कारण तोपर्यंत ते लागलेलंच नसतं. मग कार्डच दुखणाईत आहे आणि ते माझ्या वॉरंटीत येतं, वाद नाही.

तिथं स्वच्छ असेल तर दुपारीच, मुद्दाम दुपारी, तोच गेम साध्या वेगावर अर्धा तास चालवा. ठिपके आले तर स्क्रीनशॉट घेऊन मोबाईलवर पाठवा. मोबाईलच्या फोटोत ठिपके आहेत आणि स्क्रीनशॉटमध्ये नाहीत, असं झालं तर कार्डाला दोष देण्याआधी केबल आणि मॉनिटर बदलून पाहा. एचडीएमआय केबल सैल असली तरी रंगीत कचरा दिसतो. मागच्या वर्षी एका सायबर कॅफेवाल्याचं कार्ड मी दोनदा खोललं होतं, शेवटी निघाली केबल.

साध्या वेगावर दुपारीही स्वच्छ चाललं, तर हौस पुन्हा करायला हरकत नाही. फक्त मेमरी ५०-५० नं वाढवा, कोअर १५-१५ नं, दोन्ही एकाच वेळी नको, नाहीतर गुन्हेगार कोण ते कळणार नाही. प्रत्येक पायरीला वीसेक मिनिटं. ठिपका दिसला की १०० नं मागे या आणि तिथंच समाधान माना. आणि हे सगळं दुपारी, एवढं लक्षात ठेवा.

एक राहिलं. तुमच्या कॅबिनेटचा जो दुसरा फोटो आहे, त्यात कार्डाला वीज देणाऱ्या ८ पिनला हार्डडिस्कच्या वायरमधून जोड काढलेला दिसतो. हे कार्ड १२५ वॅटचं आहे. तो जोड गरम होतो, कधी वितळतोही. तुमच्या एसएमपीएसवर, म्हणजे कॅबिनेटला वीज देणाऱ्या डब्यावर, ५०० वॅट लिहिलंय, पण त्याला कार्डासाठी स्वतंत्र वायरच नाही, म्हणजे ते ५०० किती खरं ते समजून घ्या. शेजारची मोटार सुरू झाली की लाईट मंद होते, असंही तुम्ही बोलला होता. असा एसएमपीएस तेव्हा कार्डाला उपाशी ठेवतो, आणि काळी स्क्रीन त्यामुळेही येऊ शकते. विकताना एसएमपीएस कोणता आहे हे मी विचारायला पाहिजे होतं, विचारलं नाही. कॅबिनेट कूलरच्या तोंडाशी आहे, ते तेवढं सरकवा. थंड वाटतं, पण आपल्याकडच्या पाण्याचे पांढरे डाग मी बोर्डावर पाहिलेत. फॅनमध्ये कापसाचा पुंजका अडकलेला दिसतो, तो ब्रशनं काढा, फुंकर मारून निघत नाही.

हे सगळं घरी करायचं नसेल तर पूर्ण कॅबिनेट घेऊन या, नुसतं कार्ड नको. तुमचीच डिस्क, तुमचाच एसएमपीएस. दुपारी २ ला या, कूलर मी बंद ठेवतो. साध्या वेगावर एक जरी ठिपका आला तर साडेआठ हजार त्याच वेळी परत, येण्याजाण्याच्या एसटीचे पैसे वेगळे. बाजाराच्या दिवशी येऊ नका, त्या दिवशी मला कोणाकडे धड पाहायला होत नाही. आणि काकांनाही सोबत आणा, चहा राहिलाय.