स्वस्त हायब्रिड सायकल घेताना सस्पेन्शन टाळा
हायब्रिड (रोड आणि माउंटन बाइकच्या मधली) सायकल निवडण्यावरच्या तुमच्या लेखात ‘२१ गिअर आणि पुढे सस्पेन्शन (धक्के शोषणारी स्प्रिंग) असेल तर डोळे झाकून घ्या’ असं म्हटलंय, तिथे माझं जुळत नाही. मी गेली चार वर्षं रोज ऑफिसला सायकलने जाते. कमी किमतीच्या हायब्रिडवरचं सस्पेन्शन म्हणजे बहुतेक वेळा स्प्रिंग घातलेलं लोढणं. साध्या फोर्कपेक्षा (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यापेक्षा) किलोभर तरी जास्त वजन, चढावर उभं राहून पेडल मारलं की जोर स्प्रिंगमध्येच जिरतो, आणि वर्षा-दोन वर्षांत गंजून ते हलेनासं होतं ते वेगळंच. (माझ्या पहिल्या सायकलचं झालं होतं. कळलंसुद्धा उशिरा!) खड्ड्यांचा त्रास कमी करायचा तर ७०० × ३५ किंवा ३८ चे (म्हणजे ३५ किंवा ३८ मिलिमीटर रुंदीचे) टायर बघा आणि हवा जरा बेताची ठेवा. मनगटांना जास्त आराम त्यानेच मिळतो.

गिअरचंही तेच. पेडलजवळ तीन चकत्या, मागच्या चाकाला सात, म्हणून ३ × ७ = २१ हे गणित कागदावरचं. त्यातले कितीतरी एकमेकांसारखेच निघतात. पुढे एकच चकती आणि मागे आठ असतील तर रोजच्या वापराला पुरतं, चेनही कमी कुरकुरते.

फ्रेमवर मडगार्ड आणि कॅरिअर बसवायला भोकं आहेत का, हे मात्र लेखात कुठेच नाही! पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन आठ किलोमीटर चालवून बघा, शर्ट पिळावा लागतो. ब्रेक कुठलेही चालतील, पण फ्रेमचा साइझ तुमच्या उंचीचाच घ्या. दुकानदार ‘सीट वर करून देतो’ म्हणाला तर सरळ दुसरं दुकान गाठा.