ग्रीन कार्डवर 'राज्याचं' मतदान? वहिनींना आलेल्या मेसेजला उत्तर

२०२५ च्या निवडणुकीआधी एका रात्री वहिनींचा फोन आला. "भाऊजी, शनिवारी तुम्ही अर्ली वोटिंगला जाणारच आहात ना, मग मलाही न्या की, आता आपल्याला पण चालतं म्हणे." मी म्हटलं काय चालतं? तर म्हणे ग्रुपवर आलंय. वहिनींना ग्रीन कार्ड (म्हणजे नागरिकत्व नाही, फक्त अमेरिकेत कायम राहायची परवानगी) मिळून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. मेसेज उघडला आणि डोकंच फिरलं.

मेसेज थोडक्यात असा: व्हर्जिनियात ४ नोव्हेंबर २०२५ ला ॲटर्नी जनरलची (एजी, म्हणजे राज्याचा मुख्य सरकारी वकील) निवडणूक आहे, ती राज्याची आहे, फेडरल (केंद्राची) नाही, त्यामुळे ग्रीन कार्डवाल्यांनाही मत देता येतं, लायसन्स दाखवलं की झालं. एजी आपला आला की एच-वन (नोकरीचा व्हिसा) आणि ग्रीन कार्डची लाइन सुटेल. आणि सिटिझन असाल तर एजीसाठी वेगळा विचार करू नका, गव्हर्नर ज्या पक्षाचा त्याच पक्षाचा एजी होतो. खाली हात जोडलेले आणि 'सर्व मराठी बांधवांना पाठवा'.

म्हणजे ज्यांना हक्क नाही त्यांना मशीनपर्यंत न्यायचं आणि ज्यांना आहे त्यांना सांगायचं की डोकं चालवू नका.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक, म्हणून त्यावरच जास्त लिहितो. व्हर्जिनियाच्या राज्यघटनेत दुसऱ्या आर्टिकलच्या पहिल्याच कलमात मतदार कोण ते लिहिलंय आणि त्यात पहिली अट अमेरिकेचं नागरिकत्व. १८ वर्षं वय वगैरे त्याच्या नंतर. ही राज्याचीच घटना आहे, त्यामुळे 'राज्याची निवडणूक आहे म्हणून चालतं' हे तिथेच संपलं. गव्हर्नर असो, एजी असो, स्कूल बोर्ड असो, नागरिक नसाल तर मत नाही.

लायसन्सचं म्हणाल तर लायसन्सने फक्त तुम्ही कोण ते कळतं, नागरिकत्व नाही. आधी मतदार म्हणून नाव नोंदवावं लागतं, आणि त्या फॉर्मवर अगदी वरतीच विचारलंय, तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का, हो किंवा नाही. हल्ली इथे ऐनवेळी जाऊनही नाव नोंदवता येतं, पण तेव्हाही हाच फॉर्म. वहिनी भोळेपणाने 'हो'वर टिक करून खाली सही करून आल्या असत्या. खोटी माहिती दिली तर दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास, हेही त्याच फॉर्मवर छापलेलं आहे.

आणि खरा फटका तीन वर्षांनी बसतो. सिटिझनशिपसाठी एन-४०० भरताना स्पष्ट प्रश्न येतो की तुम्ही कधी फेडरल, राज्य किंवा स्थानिक निवडणुकीत नाव नोंदवलंय का किंवा मत दिलंय का. तिन्ही शब्द आहेत हो तिथे, राज्यसुद्धा! त्याच्या आधी अजून एक प्रश्न, कधी स्वतःला अमेरिकन नागरिक म्हणवलंय का, लेखी किंवा इतर कुठल्याही प्रकारे. १९९६ पासून कायदाच आहे की नागरिक नसताना बेकायदा मत दिलं, मग ती निवडणूक फेडरल असो, राज्याची असो की गावची, तर डिपोर्ट करता येतं, आणि नागरिक असल्याचा खोटा दावा केला तर त्यासाठी वेगळं. दादा-वहिनींनी किती वर्षं लाइनमध्ये काढली ते मी डोळ्यांनी बघितलंय, ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख (प्रायॉरिटी डेट) पुढे सरकली का म्हणून दर महिन्याला सरकारचं व्हिसा बुलेटिन उघडून बसायचे. ते सगळं एका टिकमुळे जाऊ शकलं असतं.

आता यात अर्धं खरं आहे ते मान्य करतो, कारण अफवा त्याच्यावरच उभी आहे. अध्यक्ष आणि काँग्रेसच्या (अमेरिकेच्या संसदेच्या) निवडणुकीत नागरिक नसलेल्यांना बंदी घालणारा कायदा फेडरल आहे, राज्य आणि गावपातळीचं ज्याचं त्याने ठरवायचं. मेरीलँडमध्ये टकोमा पार्कसारख्या काही गावांत नागरिक नसलेले लोक गावच्या निवडणुकीत मत देतात, वॉशिंग्टन डीसीतही स्थानिक निवडणुकीत देता येतं. डीसी व्हर्जिनियातल्या आमच्या ॲशबर्नपासून तासाभरावर, कोणीतरी तिकडचं ऐकून इकडे चिकटवलं असणार. पण मधली पोटोमॅक नदी ओलांडली की नियम बदलतो.

एच-वन आणि ग्रीन कार्डची लाइन राज्याच्या एजीच्या हातात अजिबात नाही, ते सगळं फेडरल. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली एच-वनवरची ती एक लाख डॉलरची फी पण वॉशिंग्टनहूनच आली. हां, एजी कोर्टात जाऊ शकतो. जन्माने मिळणारं नागरिकत्व काही मुलांना नाकारणाऱ्या ट्रम्प यांच्या आदेशाविरुद्ध जानेवारी २०२५ मध्ये २२ राज्यांचे एजी कोर्टात गेले, आणि त्या आदेशात एच-वनवाल्यांची इथे जन्मणारी मुलंही येत होती. व्हर्जिनिया त्या २२ मध्ये नव्हतं. तेव्हा एजी कोण आहे याने फरक पडतो, पण लाइन सोडवायची किल्ली त्याच्याकडे नाही.

गव्हर्नरच्याच पक्षाचा एजी होतो म्हणे. आपल्याकडे महाधिवक्ता राज्यपाल नेमतात, त्यावरून गोंधळ होत असेल, आणि न्यू जर्सीत खरंच गव्हर्नर नेमतो. व्हर्जिनियात लोक निवडतात, चार वर्षांसाठी, वेगळ्या मताने. २००५ ला गव्हर्नर डेमोक्रॅट टिम केन आणि एजी रिपब्लिकन बॉब मॅकडॉनेल, तेही १९ लाखांहून जास्त मतांत रिकाउंटनंतर फक्त ३६० मतांनी! २०१३ ला तर पहिल्या मोजणीत फरक १६५ मतांचा होता. आमच्या एका सबडिव्हिजनमध्ये याच्याहून जास्त मतदार असतील. २०२५ ला एजीसाठी रिपब्लिकन मियारेस का डेमोक्रॅट जोन्स असा सामना होता आणि जोन्सच्या जुन्या टेक्स्ट मेसेजवरून वाद पेटला होता. तेव्हा ज्यांना हक्क आहे त्यांनी कोण हवं हे स्वतः ठरवा, हवं तेवढं भांडा, पण मत द्यायला जा.

वहिनींना मी फोनवरच एन-४०० चा तो प्रश्न वाचून दाखवला. दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "अहो, मी हा मेसेज चार जणींना पाठवलाय, त्यातली एक तर जाऊनही आली असेल." आम्ही रात्री अकराला चौघींना फोन केले. कोणी गेलं नव्हतं.

तुमच्या ओळखीत कोणी चुकून नाव नोंदवलं किंवा मत दिलं असेल तर त्यांना ग्रुपवर विचारत बसायला सांगू नका. एन-४०० ला हात लावायच्या आधी, भारतात जायच्याही आधी, इमिग्रेशन वकील गाठा आणि त्याला सगळं खरं सांगा.