फुलरीन म्हणजे गुंडाळलेला ग्रॅफाइट नव्हे

फुलरीन म्हणजे कार्बन अणूंचा बंद, पोकळ पिंजऱ्यासारखा रेणू. तो कसा बनतो याबद्दल, ग्रॅफाइट पुरेसा तापवला की त्याचे षट्कोनी थर सुटतात, कडा वळून चेंडूसारखे मिटतात आणि साठ अणूंचा रेणू (सी-60) सर्वांत स्थिर असल्यामुळे शेवटी तोच उरतो, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. त्यातील तिन्ही विधाने सदोष आहेत.

थर अखंड सुटत असते, तर कार्बन-12 आणि कार्बन-13 या कार्बनच्या दोन समस्थानिकांचे (वस्तुमान वेगळे असलेल्या अणूंचे) मिश्रण बाष्पीभूत केल्यावर एकेका रेणूत एकाच समस्थानिकाचे अणू गठ्ठ्याने सापडले असते. प्रत्यक्षात वाफ नीट मिसळलेली असेल, तर दोन्ही समस्थानिके केवळ संभाव्यतेच्या नियमानुसार विखुरलेली आढळतात. म्हणजे ग्रॅफाइटची रचना आधी पार मोडते, अणू आणि अगदी लहान तुकडे उरतात, आणि त्यांतून प्रथम साखळ्या, मग कडी व सुमारे तीस अणूंपासून पुढे बंद पिंजरे बनतात. 2010 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ग्राफीनचा (ग्रॅफाइटच्या एकेरी थराचा) तुकडा मिटून फुलरीन होताना दिसला, हे खरे आहे. मात्र तेथे इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने कडेचे अणू उडत होते, कार्बनची वाफ नव्हतीच. त्यामुळे तो मार्ग शक्य आहे एवढेच त्यातून सिद्ध होते.

केवळ उष्णतेवर भिस्त ठेवणेही चूक. 1985 मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात क्रोटो, कर्ल आणि स्मॉली या रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगात लेझर व ग्रॅफाइट तेच ठेवून हेलियममधील टकरी वाढवल्यावरच सी-60 कार्बन अणूंच्या इतर समूहांपेक्षा ठळकपणे पुढे आले. हेलियम वाफेची उष्णता काढून घेतो आणि तिला एकदम पसरू देत नाही. क्रेचमर व हफमन या भौतिकशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये ग्रॅमच्या मापात फुलरीन मिळवले, तेही हेलियममध्येच.

राहिला स्थिरतेचा मुद्दा, आणि येथेच सर्वाधिक गफलत होते. दर अणूमागे पाहिल्यास सी-70 हे सी-60 पेक्षा स्थिर आहे आणि ग्रॅफाइट दोहोंपेक्षा. निव्वळ स्थिरतेनेच निकाल लागत असता, तर फुलरीन उरलेच नसते. पंचकोन व षट्कोनांचा पिंजरा मिटायला बारा पंचकोन लागतातच, आणि एकही पंचकोन दुसऱ्याला चिकटलेला नाही असा सर्वांत लहान पिंजरा सी-60 चा असल्यामुळे त्याच्यावरचा ताण समान वाटला जातो व तो सहजी अभिक्रिया करत नाही. तरीही तो शेवटचा टप्पा नाही: 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सी-60 पुन्हा कार्बनच्या वाफेत ठेवल्यावर पिंजरा न उघडता ते लहान तुकडे सामावून घेत मोठे झाले. अशा वाफेतून जमणाऱ्या काजळीत सी-60 किती उरेल, हे त्यामुळे ही वाढ केव्हा थांबते यावरही अवलंबून असते.